पॅक भरला, हे कळायचे कसे? मोठ्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या चार्जरचा आढावा

एप्रिल-मे महिन्यांत नेरळच्या बाजारपेठेत पत्र्याखालच्या दुकानात दुपारी थर्मामीटर ठेवला, तर पारा चाळिशीच्या आसपास घुटमळताना दिसतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उकाडा सरतो, पण मग लाइट जायला लागते. चार्जरची माहितीपत्रके मात्र वीस-पंचवीस अंशांची खोली आणि कधीही न जाणारी वीज गृहीत धरून लिहिलेली असतात. त्या कागदावरचे सर्किट इकडे कितपत चालेल, हा प्रश्न मोठा निकेल-मेटल हायड्राइड पॅक बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो.

मोठा पॅक म्हणजे रिमोटमधले दोन पेन्सिल सेल नव्हेत. या लेखात उदाहरण म्हणून वीस सेलांची माळ धरली आहे : टॉर्चमधल्या जाड 'डी' आकाराचे, दहा अँपिअर-तासांचे सेल, एकूण २४ व्होल्ट. शेतघरातले दिवे, वायफायचा डबा आणि एखादा छोटा डीसी पंखा लाइट गेल्यावर चालवायला एवढा पॅक पुरतो. लिथियम स्वस्त होत असताना कुणी या जुन्या रसायनाकडे का वळावे? कारण त्यातला द्रव पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक पोटॅश असतो, तो पेट घेत नाही, आणि थोडे जास्त चार्जिंग हे सेल निमूटपणे सोसतात. अडचण त्या 'थोडे' या शब्दापाशी सुरू होते.

एक गोष्ट जाता जाता. खोपोलीला १९१५ मध्ये आणि भिवपुरीला १९२२ मध्ये टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. याच कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. आज त्याच पट्ट्यात बॅटरीवर रात्र काढायचे बेत करावे लागतात, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

कॅडमियमची सावली

साठच्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत असे आढळले की लँथेनम आणि निकेल यांचा मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतो आणि पुन्हा सोडतोही. त्यापासून टिकाऊ सेल बनवायला पुढची वीस वर्षे गेली. अमेरिकेत स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांच्या ओव्हॉनिक कंपनीने ऐंशीच्या दशकात त्यावर बरेच काम केले. १९८९च्या सुमारास हे सेल बाजारात आले. १९९७ मध्ये टोयोटाने पहिली प्रियस काढली ती याच रसायनावर. २००४च्या मॉडेलमध्ये सहा-सहा सेलांचे २८ मोड्यूल, म्हणजे १६८ सेल, एका माळेत होते. आपल्याकडे शनिवार-रविवारी माथेरानच्या पायथ्याशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये एखादी हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस असते, तिच्यातही निकेल-मेटल हायड्राइडच आहे. माथेरानच्या ई-रिक्षांत ते नाही, पण २०२२च्या डिसेंबरात त्यांची चाचणी सुरू झाल्यापासून डोंगराच्या वर आणि खाली दोन्हीकडे चार्जिंगच्या गप्पा रंगू लागल्या, एवढे खरे.

चार्जरच्या वादाचे मूळ मात्र या इतिहासातल्या एका आळसात आहे. नवे सेल आले तेव्हा जुन्या निकेल-कॅडमियमचे चार्जर सगळीकडे होते. व्होल्टेज तेच, १.२. आकारही तोच. तेव्हा तेच चार्जर वापरले गेले, आणि त्यांतले बरेच नव्या सेलांना जेमतेमच जमले.

सेल भरतो तेव्हा आत काय घडते

सेल रिकामा असताना आत जाणारा जवळजवळ सगळा करंट साठवणुकीत जातो. भरत आला की धन पट्टीवर ऑक्सिजन सुटायला लागतो. तो ऋण पट्टीकडे जातो, तिथे पुन्हा जिरतो, आणि उष्णता होते. पूर्ण भरल्यावर आत घातलेली जवळजवळ सगळी शक्ती उष्णताच बनते. आपल्या पॅकला एक अँपिअर दिला तर साधारण २९ वॅट, पाच अँपिअर दिले तर १४५ वॅट. पंचवीस वॅटच्या सहा सोल्डरिंग आयर्न एका बंद डब्यात चालू ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

सेल तापला की त्याचे व्होल्टेज किंचित खाली येते. म्हणजे भरल्याच्या खुणा दोन : तापमानाची चढण आणि व्होल्टेजची छोटीशी घसरण. कॅडमियममध्ये ही घसरण दर सेलमागे दहा ते वीस मिलिव्होल्ट असायची. मेटल हायड्राइडमध्ये ती पाचाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. शिवाय कॅडमियमचा सेल चार्ज होताना बराच वेळ थंड राहतो. मेटल हायड्राइडचा पहिल्यापासूनच थोडाथोडा कोमट होत जातो. जुन्या चार्जरची फसगत इथे झाली.

थांबायचे कधी, यावरची मते

सर्वात जुने मत घड्याळावर विसंबते. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, म्हणजे आपल्या पॅकला एक अँपिअर, चौदा ते सोळा तास द्यायचा आणि बंद करायचे. इतक्या सावकाश भरताना जास्तीची उष्णता हवेत निघून जाते. बनवणाऱ्या कंपन्या क्षमता मोजण्यासाठीही हीच पद्धत वापरतात, त्यामुळे ती कागदावर निर्दोष दिसते. नेरळमध्ये तिचा एक दोष उघडा पडतो. साधा टायमर लाइट गेली की शून्यावर येतो. दहा तास झाल्यावर लाइट गेली आणि आली, तर तो पुन्हा सोळा तास मोजतो. पावसाळ्यात असे लागोपाठ दोनदा घडले की पॅक दीड दिवस चार्जिंगवर राहतो. दिवसाउजेडी घरी कुणी असले तर ठीक, नसले तर काय?

दुसरे मत उणे डेल्टा-व्हीचे : व्होल्टेज शिखरावर जाऊन खाली आले की थांबा. हे वेगवान चार्जिंगचे तंत्र. करंट क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर घसरण दिसते. दहाव्या भागाच्या करंटला ती दिसतच नाही, म्हणून सावकाश चार्जरला हे तंत्र जोडण्यात अर्थ नाही. त्याचे समर्थक म्हणतात की ते स्वस्त आहे, वेगळा सेन्सर लागत नाही, पॅकच्या दोन वायरी पुरतात. विरोधकांचा मुद्दा असा की मोठ्या माळेत वीस सेल एकाच क्षणी भरत नाहीत. एकाची घसरण सुरू असते तेव्हा दुसऱ्याचे व्होल्टेज अजून चढत असते. बेरजेत शिखर पसरट होते, आणि चार्जर ते ओळखेपर्यंत सर्वात आधी भरलेले सेल बराच वेळ भाजत राहतात.

या आक्षेपात आणखी एक भर घालावी लागते. समजा, पॅकचा अंतर्गत रोध आणि जोडण्या मिळून ०.२ ओहम आहे आणि करंट पाच अँपिअर. मेन्सचे व्होल्टेज पडल्यामुळे करंट दहा टक्क्यांनी घटला, तर पॅकचे दिसणारे व्होल्टेज १०० मिलिव्होल्टनी खाली येते. वीस सेलांची खरी घसरणही आहे शंभराच्याच आसपास. शेजारच्या पंपाची मोटर सुरू झाली आणि चार्जरने पॅक भरल्याचे जाहीर केले, हे मग नवल राहत नाही. करंट काटेकोर स्थिर ठेवणारा चार्जर नसेल तर आपल्याकडच्या विजेवर हे तंत्र वापरू नये, एवढे तरी ठामपणे म्हणता येते. चार्जिंग सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटे ही तपासणी बंद ठेवायची, हाही सर्वमान्य नियम आहे, कारण फार काळ पडून राहिलेला पॅक सुरुवातीला खोटे शिखर दाखवतो.

त्याचीच एक मवाळ आवृत्ती म्हणजे चढ सपाट झाला की थांबणे. घसरणीची वाट पाहायची नाही. मॅक्सिमच्या मॅक्स ७१२ आणि ७१३ या जुळ्या आयसींमधला फरक नेमका हा आहे : ७१२ मेटल हायड्राइडसाठी सपाटीवर थांबतो, ७१३ कॅडमियमसाठी घसरणीवर.

उरले तापमान. ठरावीक अंशावर तोडणे सर्वात सोपे, पण तो अंश कोणता? ४५ ठेवला तर मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांच्या खोलीत पॅक अर्धाही भरायच्या आत चार्जर थांबेल. ५५ ठेवला तर डिसेंबरातल्या पहाटे, गारठ्यात, पॅक चाळीस अंशांनी तापेपर्यंत तो गप्प बसेल. म्हणून अनुभवी लोक या कटऑफला शेवटचे कुंपण मानतात, निर्णयाचे साधन मानत नाहीत. निर्णय त्यांनी चढणीच्या वेगावर सोपवला आहे. पॅक दर मिनिटाला साधारण एक अंश तापू लागला की बस. बाहेर किती गरम आहे याला इथे महत्त्व उरत नाही, आणि घसरणीपेक्षा ही खूण लवकर मिळते, त्यामुळे सेलांचे आयुष्यही वाचते. आज जाणकारांचा कल याच बाजूला आहे. मात्र हेही वेगवान चार्जिंगलाच लागू. सावकाश चार्जिंगमध्ये चढण इतकी संथ असते की पॅकचे तापणे आणि अकरा वाजता पत्रा तापल्यामुळे खोलीचे तापणे वेगवेगळे काढता येत नाही.

सर्किटांची जत्रा

सर्वात खालच्या पायरीवर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि मालिकेत एक बल्ब. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे करंट आपोआप थोडा आवरला जातो. हे चालते, पण करंट मेन्सबरोबर हेलकावे खातो. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे दहा सेलांच्या १२ व्होल्ट पॅकला इन्व्हर्टरच्या किंवा मोटरसायकलच्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर लावणे. तो चार्जर व्होल्टेज स्थिर ठेवतो. पॅक भरून तापला की पॅकचे व्होल्टेज उतरते, चार्जर त्याला आणखी करंट देतो, पॅक आणखी तापतो. या फेऱ्याला आपोआप अंत नाही. दोन माळा समांतर जोडून एकाच चार्जरवर लावल्या तरी तेच होते : जी जास्त तापली ती जास्त करंट ओढते.

मधली पायरी एलएम ३१७ची. पाठ्यपुस्तकात हे सर्किट चार रेघांत संपते : १.२५ ओहमचा एक रोध, आणि एक अँपिअर स्थिर. वीस सेलांसाठी ते मांडून पाहिले की प्रत्यक्षातले हिशेब दिसतात. भरताना पॅक ३० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आयसी आणि रोधाचे मिळून पावणेचार व्होल्ट धरा. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर फिल्टरनंतर जेमतेम ३२ देतो. तो पुरत नाही, आणि मेन्स उतरले की अजिबातच पुरत नाही. ३० व्होल्टचा घेतला तर पॅक रिकामा असताना आयसीवर पंधरा ते एकोणीस वॅट उष्णता पडते. चाळीस अंशांच्या खोलीत त्याला ॲल्युमिनिअमची लहान पट्टी पुरत नाही, चांगला फिनांचा हीट सिंक लागतो. दुसरी गोष्ट बहुतेक आकृत्यांत दाखवलेली नसते : लाइट गेल्यावर पॅक उलटा सर्किटमध्ये रिकामा होऊ नये म्हणून एक डायोड. रोज लाइट जाणाऱ्या गावात तो डायोड विसरून भागत नाही.

स्विचिंगचे बक सर्किट हीच कामगिरी थंडपणे करते, कारण जास्तीचे व्होल्टेज ते उष्णतेत उडवत नाही. पाच अँपिअरचा वेगवान चार्जर हवा असेल तर दुसरा शहाणा मार्ग नाही. त्याच्या डोक्यावर बसायला एक तर तयार आयसी किंवा मायक्रोकंट्रोलर. तयार आयसीत बरीचशी अक्कल भरलेली असते, पण मॅक्स ७१२ सोळा सेलांपर्यंतच जातो. रिमोटची विमाने आणि गाड्या चालवणाऱ्या मंडळींचे आयमॅक्स बी६ सारखे चार्जर निकेलच्या पंधरा सेलांना थांबतात. आपला वीसचा पॅक दोघांच्याही हद्दीबाहेर आहे. हा योगायोग मोठ्या पॅकच्या रचनेबद्दल बरेच सांगून जातो, त्याकडे पुढे येऊ.

मायक्रोकंट्रोलर घेतला तर सगळे तुमच्या हातात, आणि सगळ्या चुकाही तुमच्याच. दहा बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेज मोजणारा भाग, ३० व्होल्टवर पसरला तर त्याची एक पायरी २९ मिलिव्होल्टची. शंभर मिलिव्होल्टची घसरण म्हणजे जेमतेम तीन पायऱ्या. शेकडो वाचने घेऊन सरासरी काढल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. त्याबदल्यात एक फायदा असा की किती मिनिटे चार्जिंग झाले हे तो स्वतःच्या ईईप्रॉममध्ये लिहून ठेवू शकतो. लाइट आली की तिथून पुढे मोजतो. वर सांगितलेल्या टायमरच्या दुखण्यावर इतका स्वस्त इलाज दुसरा नाही.

सोलर पॅनलवरून थेट भरणाऱ्यांची वाट वेगळीच. ढग आला की करंट पडतो, गेला की वाढतो. व्होल्टेजची कोणतीही खूण तिथे निरर्थक ठरते. तिथे आत गेलेले अँपिअर-तास मोजणे आणि पॅनलच असा निवडणे की भर उन्हातही करंट दहाव्या भागावर जाणार नाही, हे दोनच उपाय राहतात.

माळ लांबली की

बहुतेक लेख एका सेलाचे गुण सांगतात आणि वीसने गुणतात. मोठ्या पॅकमध्ये मात्र सगळ्यात अशक्त सेल सगळ्यांचे भविष्य ठरवतो. समजा, पॅक वापरताना २० व्होल्टला तोडायचे ठरवले. एकोणीस सेल १.१५ व्होल्टवर आहेत आणि विसावा पूर्ण रिकामा होऊन उणे ०.२ वर उलटला आहे. पॅक मीटरवर २१.६५ दाखवतो, सगळे आलबेल. तो सेल मात्र त्याच वेळी मरतो आहे. चार्जर कितीही हुशार असला तरी त्याला हे दिसत नाही.

डब्यात मधोमध असलेले सेल कडेच्या सेलांपेक्षा जास्त तापतात, म्हणून एक थर्मिस्टर पुरत नाही. एक मध्यभागी, एक कडेला, आणि एक डब्याबाहेर हवेत, एवढे तरी हवेत. २०१७च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली आणि ती देशभर गाजली. मेटल हायड्राइडच्या चार्जिंगची कंपन्यांनी दिलेली वरची मर्यादा साधारण ४० ते ४५ अंश. अशा दिवशी चार्जरने पॅकला हात न लावता संध्याकाळची वाट पाहावी, हेच बरे. गरम सेल करंट खातो खूप, पण साठवतो कमी, त्यामुळे दुपारी भरलेला पॅक रात्री अर्ध्यावर संपल्याच्या तक्रारीत सेलांचा दोष नसतो.

अजून न मिटलेले

पल्स चार्जिंगबद्दल दोन तट आहेत. मधूनमधून क्षणभर उलटा करंट दिला की पट्टीवरचे वायूचे बुडबुडे सुटतात, सेल थंड राहतो आणि जास्त टिकतो, असा दावा सत्तरच्या दशकापासून पेटंटांतून आणि जाहिरातींतून होत आला आहे. त्याला दुजोरा देणारे प्रयोग आहेत, फरक न दिसलेलेही आहेत. मला यात सर्किट वाढवण्याइतका फायदा दिसत नाही, पण प्रश्न बंद झाला असे म्हणणे घाईचे होईल.

पॅक भरल्यावर बारीक करंट चालू ठेवावा का, यावर जुनी पुस्तके मोकळेपणाने 'हो' म्हणतात, विसाव्या ते चाळिसाव्या भागाइतका. त्या काळचे सेल पहिल्या दिवसापासूनच आपोआप रिकामे होत, म्हणून ते योग्यही होते. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले आणि वर्षभर बहुतांश चार्ज राखणारे सेल रूढ झाले. अशा सेलांना सतत टोचत राहण्याची गरजच उरली नाही. तरी आणीबाणीचा दिवा कायम तयार हवा असेल तर काय करावे? काहींच्या मते महिन्यातून एकदा भरणे पुरे. काही चाळिसावा भाग सोडायला तयार नाहीत.

सेल समसमान करण्याचा वाद आणखी चिवट. लिथियमला प्रत्येक सेलावर पहारा लागतो. इथे सावकाश जास्तीचे चार्जिंग केले की मागे राहिलेले सेल पुढच्यांना गाठतात, आणि भरलेले सेल जास्तीची शक्ती उष्णतेत घालवतात. अधूनमधून हे करावे, असे एक मत. दर वेळी सेलातले पाणी थोडे थोडे गमावले जाते, तेव्हा ते टाळून सेल जोडीजोडीने तपासावेत, हे दुसरे. भरण्यापूर्वी पूर्ण रिकामे करण्याची कॅडमियमच्या काळातली सवयही अशीच. एकट्या सेलाला तिचा थोडा फायदा होतो. लांब माळेला ती घातक ठरू शकते, कारण वर सांगितलेला उलटा सेल तिथेच तयार होतो.

नेरळपुरते

रात्रभरात भरला तरी चालणाऱ्या घरगुती पॅकला वेगवान चार्जर नको, असे माझे मत आहे. ज्याला दोन-अडीच तासांत भरून हवा त्याने बक सर्किट, तापमानाच्या चढणीवर कटऑफ आणि त्याच्या पाठीशी डेल्टा-व्ही, या क्रमाने जावे. बाकीच्यांनी चार्जिंगपुरते पॅकचे दहा-दहाचे दोन भाग करावेत. तयार आयसींची आणि छंदी चार्जरची हद्दही पंधरा-सोळा सेलांवर संपते, हे आपण पाहिलेच. प्रत्येक भागाला १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एलएम ३१७, एक अँपिअर, उलट प्रवाहाचा डायोड, लाइट गेल्यावरही मोजणी लक्षात ठेवणारा सोळा तासांचा टायमर, ५० अंशांचे शेवटचे कुंपण आणि खोली चाळिशीच्या वर असेल तर चार्जिंगच सुरू न होणे. पॅकच्या धन टोकाला फ्यूज.

कर्जत लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड; लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत मिळते. थर्मिस्टर मात्र मोजून आणू नयेत, चार जास्तच आणावेत. सेलांच्या मध्ये बसवताना त्यांचे पाय तुटतात.